प्रॉब्लेम मुलाचा, गृहपाठ आईबाबांना

मुलाची भीती, हट्ट किंवा आदळआपट घेऊन आज वर्तनोपचार (वागण्याच्या सवयी बदलून करायचे उपचार) करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलं, की साधारण आठ-दहा ते वीसेक सेशन ठरतात आणि त्यांतलं बरंचसं काम आईबाबांच्या वाट्याला येतं. 'प्रॉब्लेम त्याचा आणि गृहपाठ आम्हाला?' असं कुणीतरी विचारतंच. पूर्वी असं नव्हतं.

1924 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा दरवेळी थोडा जवळ आणायचा. भीती शिकली जाते तशी ती विसरवताही येते, हे यातून दिसलं. पण हे सगळं केलं संशोधकांनी. त्या काळातल्या बालमार्गदर्शन केंद्रांत मूल एका खोलीत मानसोपचारतज्ज्ञाकडे आणि आई दुसऱ्या खोलीत समाजसेविकेकडे, अशी वाटणी असे. आईकडे पाहायची नजरही बहुतेक आरोपीकडे पाहायची. पुढे तर स्वमग्नतेचं खापरसुद्धा आईच्या 'थंडपणा'वर फोडलं गेलं.

मग 1959 मध्ये कार्ल विल्यम्स यांचा एक छोटासा लेख आला. 21 महिन्यांचा मुलगा, आधी बराच काळ आजारी असलेला. तो झोपेपर्यंत कुणीतरी अर्धा ते दोन तास खोलीत बसायचं. ते माणूस उठून बाहेर निघालं की मुलाचा थयथयाट. उपाय साधा होता: प्रेमाने झोपवायचं, दार लावायचं, परत आत जायचं नाही. पहिल्यांदा तो 45 मिनिटं रडला. दहाव्या वेळी आईवडील बाहेर पडताना चक्क हसला. आठवडाभराने त्याच्या आंटने (मावशी म्हणा, आत्या म्हणा) त्याला झोपवलं, तो रडला, ती परत आत गेली आणि सगळं मुळापासून करावं लागलं. पुढची दोन वर्षं मात्र तो थयथयाट परतला नाही. मला या लेखातला सगळ्यात मोलाचा भाग आंटचाच वाटतो. औषध घरातल्या माणसांच्या वागण्यात आहे आणि एकाने नियम मोडला तरी ते उतरतं, हे तिने नकळत दाखवून दिलं.

1966 मध्ये रॉबर्ट हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी थेट घरच गाठलं. चार वर्षांच्या मुलाची आई नेहमीसारखी वावरायची आणि तज्ज्ञ हाताच्या तीन खुणा करायचे: त्याला थांबायला सांग, खोलीत ठेव, आता कौतुक कर. त्याच सुमारास ओरेगनमध्ये कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी दोन टप्प्यांची पद्धत बसवली. पहिल्या टप्प्यात मुलाच्या खेळामागे जायचं. हुकूम, प्रश्न, टीका बंद. दुसऱ्यात मोजक्या, स्पष्ट सूचना आणि त्यांचे ठरलेले परिणाम. त्यांनी स्वतः फारसं छापलं नाही, पण शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड यांच्यासारख्यांनी पुढे उभारलेले बरेच कार्यक्रम याच बीजाचे. ओरेगनमध्येच जेराल्ड पॅटरसन घराघरातली भांडणं मोजत होते. मूल ओरडतं, आई माघार घेते, ओरडणं थांबतं. म्हणजे दोघांनाही बक्षीस मिळतं आणि दोघंही चुकीचंच शिकतात, असं त्यांचं म्हणणं. यात कुणी एक गुन्हेगार उरत नाही.

उपचार आटोपशीर झाले तेही आईबाबांनी काम उचलल्यामुळेच. आठवड्याचे तास 168, त्यांतला एखादाच तज्ज्ञाचा. 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या पाहणीत पालकांना शिकवलेल्या स्वमग्न मुलांची प्रगती टिकली, संस्थेत परतलेल्यांची ओसरली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये चार-पाच वर्षांच्या अतिचंचल मुलांसाठी औषधाआधी वर्तनोपचार सुचवले. तेही पालक आणि शिक्षकांमार्फत.

मुलांच्या चिंतेवरच्या उपचारांत मात्र पालक उशिरा आले. फिलिप केंडल यांची 1994 ची ट्रायल मुख्यतः मुलांवर बेतलेली होती. 2020 मध्ये छापून आलेल्या एली लेबोविट्झ यांच्या 124 मुलांच्या ट्रायलमध्ये एका गटात तज्ज्ञ फक्त पालकांना भेटले, 12 सेशन. तोच तोच प्रश्न विचारला की पुन्हा पुन्हा धीर देणं, भीती वाटते म्हणून शेजारी झोपणं, असल्या सवलती पालकांनी हळूहळू कमी करायच्या. 'तुला भीती वाटतेय हे कळतं, आणि तुला जमेल' एवढं मात्र म्हणायचं. स्वतः उपचार घेतलेल्या मुलांइतकाच फरक या मुलांतही पडला.