अर्धा शिधा चालतो, अर्धा डोस चालत नाही: टंचाईतल्या औषधवाटपाची पार्श्वभूमी

मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी केंद्राने नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने प्रौढ माणसामागे दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य धरावे अशी शिफारस केली. साठा किती, तोंडे किती, असा साधा भागाकार. अंगमेहनतीच्या कामगाराला थोडे जास्त आणि लहान मुलाला कमी, एवढाच फेरफार. माणसे अर्धपोटी राहिली तरी तगतात, म्हणून हा हिशोब चालतो. औषधाला तो लावला की घात होतो, कारण औषधाला एक किमान मात्रा असते. तिच्याखाली दिलेले औषध बहुतेकदा वाया जाते: रोगीही बरा होत नाही आणि साठाही घटतो. वैद्यकीय टंचाईतल्या वाटपाचे नियम धान्याच्या नियमांपासून वेगळे का झाले, ते इथून कळते.

युद्धात जखमी निवडण्याची पद्धत याहून जुनी आहे. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद दॉमिनिक लारे यांनी नियम घातला की हुद्दा न पाहता सर्वांत गंभीर जखमीला आधी हात लावायचा. १८४६ मध्ये ब्रिटिश नौदलातले शल्यविशारद जॉन विल्सन यांनी वेगळी मांडणी केली: ज्यांची जखम किरकोळ आहे किंवा ज्यांचा जीव वाचणारच नाही त्यांना थांबवा, आणि शस्त्रक्रियेने ज्यांचा जीव वाचेल त्यांना आधी घ्या. ‘ट्रायाज’ हा फ्रेंच शब्द मूळ ‘निवडणे’ या अर्थाचा. पण इथे वाटप होते ते शल्यविशारदाच्या वेळेचे. औषधच संपते तेव्हा काय होते, हे पेनिसिलिनने दाखवले.

१२ फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन दिले: २०० मिलिग्रॅम, मग दर तीन तासांनी १०० मिलिग्रॅम. चेहऱ्याच्या संसर्गात त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. एका दिवसात ताप उतरू लागला. मूत्रपिंडे पेनिसिलिन फार लवकर बाहेर टाकतात, म्हणून त्यांची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून औषध परत काढत आणि पुन्हा टोचत. तरीही पाच दिवसांत साठा संपला. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला ते गेले. हे औषध तयार करणाऱ्या ऑक्सफर्डच्या हावर्ड फ्लोरी यांच्या चमूने यातून लगेच धडा घेतला. पुढचे रुग्ण त्यांनी मुख्यतः लहान मुलांमधून घेतले, कारण लहान शरीराला पूर्ण उपचार थोड्या औषधात होतो. माझ्या मते आधुनिक औषधवाटपाचा पहिला खरा निर्णय हाच.

अमेरिकेत नागरिकांसाठीच्या पेनिसिलिनचे वाटप बॉस्टनच्या चेस्टर कीफर यांच्या समितीकडे होते. डॉक्टरने रुग्णाची माहिती कळवायची. जंतू कोणता? सल्फा (पेनिसिलिनआधीची जंतुविरोधी औषधे) देऊन झाले का? पेनिसिलिनचा गुण येण्याजोगा आजार आहे का? नियमात बसले तर पूर्ण उपचाराचे औषध मिळे, नाही तर काहीच नाही. औषध मिळालेल्याने रुग्णाचे काय झाले ते परत कळवायचे. त्यातून ऑगस्ट १९४३ मध्ये ५०० रुग्णांचा अहवाल छापून आला. वाटपाची यंत्रणा एकाच वेळी अभ्यासाचीही झाली, ही फार दूरदृष्टीची गोष्ट होती.

पण याच नियमात एक चूक दडली होती. हृदयाच्या झडपांच्या संसर्गाला (जंतुजन्य एंडोकार्डायटिस) समितीने यादीबाहेर ठेवले, कारण औषध भरपूर लागे आणि रुग्ण वाचत नसत. १९४४ मध्ये ब्रुकलिनच्या लिओ लोवे यांनी मोठे डोस दीर्घकाळ देऊन असे रुग्ण बरे केलेले दाखवले. म्हणजे आधीचे अपयश औषधाचे नव्हते, तुटवड्यामुळे कमी दिलेल्या मात्रेचे होते. टंचाईत जमवलेल्या पुराव्यावरून कोणाला वगळायचे हे ठरवताना हा धोका आजही तसाच असतो.

टंचाई अखेर उत्पादनाने सुटली. पेनिसिलिन देणारी बुरशी बाटल्यांत पृष्ठभागावर वाढवली की तिला हवा फक्त वरून मिळते, म्हणून जागा खूप आणि उत्पन्न थोडे. १ मार्च १९४४ ला फायझरने ब्रुकलिनमध्ये ७,५०० गॅलनच्या १४ टाक्यांत, खालून निर्जंतुक हवा सोडून, ती द्रवात बुडवून वाढवायला सुरुवात केली. अमेरिकेचे एकूण उत्पादन १९४३ मध्ये सुमारे २१ अब्ज युनिट होते, १९४४ मध्ये ते १,६६३ अब्जांवर गेले. मार्च १९४५ मध्ये तिथले निर्बंध उठले. भारतात पेनिसिलिन बनू लागले ते पुण्याजवळ पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, १९५५ साली.

युद्धानंतर ब्रिटनकडे स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयावरचे नवे औषध, होते अवघे ५० किलो. क्षयाच्या एका रुग्णाला दिवसाला २ ग्रॅम, चार महिने, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम लागत. क्षयाचा मेंदूज्वर झालेल्यांना ते थेट दिले, कारण त्याशिवाय मृत्यू अटळ होता. फुफ्फुसाच्या क्षयासाठी मात्र १०७ जणांत बंद लिफाफ्यांनी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवड केली: ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्यातले १४ दगावले. औषध सर्वांना पुरणारच नव्हते, म्हणूनच लिफाफे नैतिकदृष्ट्या चालले.

अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये प्रश्न आणखी बिकट होता. १९६० मध्ये तिथले डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची बसवली आणि डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येऊ लागले. पेनिसिलिनचा उपचार संपतो, डायलिसिस जन्मभर चालते. एकदा दिलेली खाट रिकामी होत नाही. १९६२ मध्ये तीन खाटांनी केंद्र सुरू झाले. डॉक्टरांच्या चाळणीनंतर सात जणांची समिती निवड करी, आणि तिच्या सदस्यांची नावे गुप्त असत: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता, शल्यविशारद. वय ४५ च्या आत आणि रहिवास वॉशिंग्टन राज्यातला, इथवर नियम मोजता येण्याजोगे होते. पुढे संपत्ती, नोकरी, मुले, चर्चमधला सहभाग हेही तोलले गेले आणि निवड समितीच्या स्वतःच्या जगण्याच्या साच्याची झाली. हे जाहीर होताच टीका झाली. १९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च अमेरिकेच्या केंद्र सरकारने उचलला, तेव्हा अशा समित्यांची गरज संपली.

एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात दोन्ही प्रकारच्या टंचाया, थोडे थोडे वाटता येणाऱ्या गोष्टीची आणि पूर्णच द्याव्या लागणाऱ्या औषधाची, एकाच वॉर्डात आल्या. ऑक्सिजन काही प्रमाणात वाटता येतो. ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला १० लिटरने सुमारे पावणेबारा तास पुरतो. हाय फ्लोवर, म्हणजे वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, ६० लिटरने दोन तासही नाही. रक्तातली पातळी ९२ ते ९६ टक्के पुरेशी असते. ती ९९ वर नेण्यात ऑक्सिजन खूप जातो आणि रुग्णाला फायदा जवळपास होत नाही. जेवताना मास्क काढला तरी चालूच राहिलेला प्रवाह, सैल बसलेला मास्क, जोडणीतली गळती, यांतच बरेच वाया जाते. नंदुरबारमध्ये प्रवाह तपासण्यासाठी खास ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या होत्या.

म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) या आजारावरच्या लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनचे, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेल्या बुरशीविरोधी औषधाचे, तसे नव्हते. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर ६० किलोच्या रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या लागतात, त्याही काही आठवडे. साठा मात्र उपचाराखालच्या रुग्णांच्या संख्येवर वाटला जाई, म्हणजे धान्यासारखाच. रुग्णामागे तीनच कुप्या आल्या तर डॉक्टरांपुढे दोन वाटा उरत: सगळ्यांना अपुरे, किंवा काहींना पूर्ण आणि इतरांना साधे ॲम्फोटेरिसिन. साधे द्यायचे तर आधी सलाइन चढवायचे, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले ते दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम वारंवार तपासायचे, कारण ते मूत्रपिंडांना इजा करते. सडलेला भाग शस्त्रक्रियेने लवकर काढणे दोन्ही गटांतल्या रुग्णांना गरजेचेच. १ जून २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की औषध सगळ्यांना पुरत नसेल तर प्राधान्याचे धोरण ठरवा, आणि वाचण्याची शक्यता जास्त असलेल्यांना, तरुणांना, आधी द्या.