रोड सायकलचे ब्रेक सुधारणे

रोड सायकल कमी अंतरात आणि भरवशाने थांबावी म्हणून ब्रेकवर जी काही खटपट करतात ती सगळी यात येते. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २०१८ पासून रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला (चाकाच्या मध्यावरची चकती पकडणाऱ्या) परवानगी दिली, नव्या महाग सायकलींवर आता तेच दिसतात, पण जुन्यांवर अजून कॅलिपरवाले, म्हणजे चिमट्यासारखी चाकाची कड (रिम) पकडणारे, रिम ब्रेकच आहेत आणि ही नोंद त्यांचीच.

ब्रेक लागत नाही म्हटलं की लोक नवा कॅलिपर घ्यायला धावतात, खरं तर आधी केबल बघायला पाहिजे. बोटांचा जोर बऱ्याचदा आउटरमध्येच, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणातच जिरतो. कटरने कापताना आउटरचं तोंड चेपतं, मग आतली तार घासत राहते आणि लिव्हर सोडला तरी ब्रेक सावकाश सुटतो. तोंड कानशीने घासून सपाट करायचं, आतली प्लास्टिकची नळी टोच्याने मोकळी करायची आणि मग आउटरच्या टोकावर टोपी बसवायची. गियरचा आउटर मात्र ब्रेकला लावू नये, त्यातल्या तारा उभ्या असतात, जोरात दाबला तर तो फाटू शकतो. ब्रेकच्या आउटरमधली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते.

यानंतर पॅड, म्हणजे रिमवर दाबला जाणारा रबरी तुकडा. चाक काढून पॅड उजेडात धरला की रबरात चमचमणारे कण दिसतात, ते रिमचंच अ‍ॅल्युमिनियम, सुईने उकरून काढायचे नाहीतर रिम कुरतडली जाते. पृष्ठभाग गुळगुळीत झाला असेल तर पॉलिशपेपर मारायचा, रबर कडक झालं असेल तर सरळ बदलायचं, पॅड काही फार महाग नसतात. रिम स्पिरिटने पुसायची. चेनवर मारलेला तेलाचा स्प्रे रिमवर उडतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही! कार्बन रिमला पॅड वेगळे लागतात.

ब्रेक किंचाळत असेल तर पॅडचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असा थोडा तिरपा लावतात, मागच्या टोकाखाली जाड कागद ठेवून नट आवळला की जमतं. पॅड टायरला मात्र लागता कामा नये.

पावसात, म्हणजे सिंहगडावरून भिजत उतरताना वगैरे, पॅड आधी रिमवरचं पाणी पुसतो आणि मग पकडतो, म्हणून वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून ठेवायचे. थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो कारण वजन पुढे सरकतं, तेव्हा दाबताना अंग मागे घ्यायचं.