रोहना, एस. एस.

रोहना, एस. एस. : ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे (‘बी. आय.’) प्रवासी व मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात त्याचा सैनिकवाहू जहाज म्हणून वापर होत असताना २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ, बूझी (सध्याचे बेजाया) बंदरासमोरील समुद्रात, जर्मन विमानातून सोडलेल्या दूरनियंत्रित बाँबने ते बुडाले. शत्रूच्या एकाच हल्ल्यात समुद्रावर झालेली अमेरिकन सैनिकांची ही सर्वांत मोठी प्राणहानी समजली जाते.

हे जहाज १९२६ मध्ये इंग्लंडमधील टाईन नदीकाठच्या हेबर्न येथे हॉथॉर्न लेस्ली कंपनीने बांधले. एकूण टनभार ८,६०२; दोन मळसूत्री पंखे, वाफेची एंजिने व सु. १३ नॉट वेग. त्याच वर्षीचे राजुला हे त्याचे जोडजहाज. कंपनीच्या बहुतेक जहाजांना भारतातील व आसपासच्या प्रदेशांतील, ‘आ’कारान्त स्थलनावे दिली जात, रोहना हे नावही बहुधा सध्याच्या हरियाणातील गावावरून आले असावे. मद्रास–नागपट्टणम–पिनांग–सिंगापूर या मार्गावर मलायातील मळ्यांवर जाणारे तमिळ मजूर हेच त्याचे मुख्य प्रवासी होते. वरच्या वर्गाच्या मोजक्या खोल्या सोडल्या, तर सारी गर्दी डेकवरची. १९४० मध्ये ते युद्धकार्यासाठी ताब्यात घेण्यात आले.

नोव्हेंबर १९४३ मध्ये अल्जीरियातील ओरान बंदरात सु. २,००० अमेरिकन सैनिक जहाजावर चढले. चीन–ब्रह्मदेश–भारत आघाडीकडे निघालेल्या या तुकड्यांमध्ये विमानतळ बांधणारी ८५३वी अभियंता पलटण होती. पुढे निम्म्याहून अधिक माणसे तिने गमावली. २५ नोव्हेंबरला ओरान सोडून रोहना सुएझकडे जाणाऱ्या ‘केएमएफ २६’ या ताफ्यात सामील झाले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जर्मन हवाई दलाच्या ४०व्या बाँबफेकी दलातील (केजी ४०) हाइन्केल १७७ विमानांनी ताफ्यावर हल्ला चढविला. बहुतेक बाँब समुद्रात पडले. एक मात्र रोहनाच्या डाव्या बाजूस एंजिनघराच्या भागात घुसून फुटला.

या अस्त्राचे वर्गीकरण अभ्यासक एकाच प्रकारे करीत नाहीत. रोहनावर आदळलेला हेन्शेल एचएस २९३ हा सु. ३ मी. पंखविस्ताराचा, सु. एक टन वजनाचा आणि पुढच्या टोकात सु. २९५ किग्रॅ. स्फोटक असलेला बाँब. विमानापासून सुटल्यावर पोटाखालचे द्रवइंधनी रॉकेट सु. दहा सेकंद जळे व बाँब विमानाच्या पुढे निघून जाई. उरलेले अंतर तो तरंगत कापी. म्हणून काही लेखक त्यास ‘तरंग-बाँब’ म्हणतात, तर काही क्षेपणास्त्र. लक्ष्य स्वतः शोधण्याची कोणतीही यंत्रणा त्यात नव्हती. शेपटीवर जळणारी ज्योत नजरेसमोर ठेवून विमानातील बाँबफेक्या छोट्या दांडीने त्यास वळवी. दांडीची हालचाल ‘केल’ प्रेषकावरून रेडिओलहरींनी बाँबमधील ‘श्ट्रासबुर्ग’ ग्राहकाकडे जाई. प्रेषक व ग्राहक यांच्यासाठी अठरा वारंवारता उपलब्ध होत्या. त्यामुळे एका वेळी अनेक बाँब हाताळता येत. मात्र बाँब आदळेपर्यंत विमानाला जवळजवळ सरळ व संथ उडावे लागे आणि तेवढा वेळ ते लढाऊ विमानांच्या टप्प्यात राही. रोहना हे अशा अस्त्राने बुडालेले पहिले जहाज, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते; ते बरोबर नाही. ब्रिटिश नौदलाचे एग्रेट हे जहाज २७ ऑगस्ट १९४३ रोजीच बिस्केच्या उपसागरात एचएस २९३ नेच बुडाले होते. ९ सप्टेंबरला बुडालेली इटालियन युद्धनौका रोमा हिच्यावर वापरलेला ‘फ्रिट्झ एक्स’ मात्र रॉकेटविरहित, निराळ्या जातीचा बाँब होता.

स्फोटानंतर जहाज तासा-दीड तासात बुडाले. होड्यांपैकी मोजक्याच पाण्यात उतरल्या आणि त्यांतल्याही काही अतिभाराने उलटल्या. कमरेला बांधलेले फुगवायचे पट्टे खाली सरकल्याने माणसे पालथी होत, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. लाटा उंच होत्या व अंधार पडत चालला होता. तशात अमेरिकन सुरुंगनाशक नौका पायोनियरने ६०६ जणांना वर काढले. ॲदरस्टोन, क्लॅन कँबेल व माइंडफुल या जहाजांनीही बचावकार्यात भाग घेतला.

मृतांचे आकडे लेखकागणिक बदलतात. १,०१५ ही अमेरिकन सैनिकांची संख्या आहे. जखमांमुळे पुढे दगावलेले ३५ जण तीत धरलेले नाहीत. १,१३८ व १,१४९ या बेरजांमध्ये खलाशी, तोफची इत्यादींचा समावेश असतो. काही अमेरिकन आठवणींत भारतीय खलाशांनी प्रथम होड्या बळकावल्याचा आरोप येतो. १९५ खलाशांपैकी ११७ मृत्युमुखी पडले. हे प्रमाण ६० टक्के भरते, तर सैनिकांत ते निम्म्याहून किंचित अधिक आहे. बाँब एंजिनघरात फुटल्याने तेथील आगवाले व तेलवाले तत्काळ गेले असणार, हे हिशेबात घेतले तरी हा आरोप सरसकट स्वीकारणे अवघड आहे.

घटनेविषयी दीर्घकाळ गुप्तता पाळली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये एक सैनिकवाहू जहाज बुडून हजारावर माणसे गेल्याचे जाहीर झाले. जहाजाचे नाव दिले गेले नाही. जून १९४५ मध्ये जर्मन बाँबफेकी विमानांचा उल्लेख आला, पण दूरनियंत्रित अस्त्राचा नाही. उर्वरित कागदपत्रे १९६७ च्या सुमारास खुली झाली, असे सामान्यतः मानतात. हे प्रकरण मुद्दाम दडपले गेले, असा वाचलेल्यांपैकी अनेकांचा ग्रह आहे. अस्त्राची परिणामकारकता जर्मनांना कळू नये आणि त्याच्या रेडिओलहरींत अडथळा आणण्याचे उपाय उघड होऊ नयेत, हे नेहमीचे युद्धकालीन कारण अधिक पटण्यासारखे आहे. युद्ध संपल्यानंतरच्या मौनाचा उलगडा मात्र त्याने होत नाही. अमेरिकन काँग्रेसने २००० साली ठराव करून मृतांना आदरांजली वाहिली.

बेपत्ता अमेरिकन सैनिकांची नावे ट्युनिसजवळ कार्थेज येथील अमेरिकन दफनभूमीच्या भिंतीवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या अविभाजित भारताच्या नौसैनिकांची व व्यापारी जहाजांवरील खलाशांची नावे दगडावर नाहीत, नामावलीच्या ग्रंथात आहेत. सु. साडेसहा हजार नावांच्या या ग्रंथाची एक प्रत चितगाव येथील युद्धस्मशानभूमीत व दुसरी मुंबईतील इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. राजुला हे जोडजहाज युद्धातून वाचले, मद्रास–सिंगापूर मार्गावर परतले आणि शेवटी ‘रंगत’ नावाने भारतीय नौवहन महामंडळाकडे आले. १९७० च्या दशकात ते मोडीत काढले गेले.