तळ्याच्या काठाला लागलेली वात

शेततळ्यात पडून जनावर बुडाल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. कधी माणूसही जातो, अगदी पट्टीचा पोहणारासुद्धा. जत-आटपाडीकडच्या डाळिंब-द्राक्षांच्या बागा याच तळ्यांनी जगवल्या. पण त्यांच्या बाजू बहुधा दीडास एक, म्हणजे सुमारे ३४ अंशांच्या उताराच्या असतात. वर गुळगुळीत प्लास्टिक कागद, कागदावर शेवाळ. पाय रोवायला जागाच नसते.

म्हणून साताऱ्यात घरामागे तीन मीटर बाय दोन मीटरचं तळं करताना एक बाजू मी पाचास एक उताराची ठेवली. पाच फूट आत गेल्यावर एक फूट खोली. खार, बेडूक, तहानलेली मधमाशी, कुणीही यावं, पाणी प्यावं आणि चालत परत जावं. गोटे घसरू नयेत म्हणून कागदावर गोणपाट अंथरलं आणि त्याचं टोक शेजारच्या मोगऱ्याच्या वाफ्यात दाबलं. तिथेच चुकलं.

एप्रिलमध्ये पाणी भराभर उतरू लागलं. बघणारा प्रत्येक जण म्हणे, "कागद फाटलाय." एकांनी तळं ईशान्येला नाही हे कारण काढलं. पाण्याला दिशा कळत नाही, उतार कळतो. तळ्याची जागा ठरवताना ऊन किती वेळ येतं, पानगळ किती होते आणि पावसाचं गढूळ पाणी आत शिरतं का, एवढं पाहिलं तरी खूप झालं.

फाटका कागद शोधण्याआधी एक सोपी परीक्षा घ्यावी. पाण्याने भरलेली बादली तळ्याशेजारी उन्हात ठेवायची आणि दोन्हीकडची पातळी मोजायची. चार दिवसांत बादली ३ सेंटिमीटरने उतरली, तळं ७ ने. जास्तीच्या ४ सेंटिमीटरचं तळ्याच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाशी देणंघेणं नव्हतं. सहा चौरस मीटरवर ते साधारण २४० लिटर होतात, म्हणजे रोज ६० लिटर.

समईची वात काठावरून खाली लोंबली की तेल ठिबकत राहतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गोणपाट तेच करत होतं. पाण्याचे रेणू धाग्याला चिकटतात आणि एकमेकांनाही ओढून घेतात. त्यामुळे बारीक फटींतून पाणी वर चढतं. हेच केशाकर्षण. फट जितकी अरुंद, तितकी चढण जास्त. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर, आणि १ सेंटिमीटरच्या नळीत जेमतेम ३ मिलिमीटर. पृष्ठताण पाण्याला फटीच्या परिघावर वर ओढतो, तर वजन खाली खेचतं ते फटीच्या क्षेत्रफळानुसार. परिघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, क्षेत्रफळ तिच्या वर्गाच्या. म्हणून त्रिज्या निम्मी केली की उंची दुप्पट.

आता यात उताराची भर घाला. बारीक वाळूत पाणी १० सेंटिमीटर चढलं, असं धरू. उभ्या भिंतीवर ओलाव्याचा पट्टा तेवढाच राहील. पण पाचास एक उतारावर १० सेंटिमीटर उंची गाठायला पाणी आडवं ५० सेंटिमीटर पसरतं! हा अर्धा मीटर ओला पट्टा उन्हात वाळत राहतो, आणि त्याचं टोक बाहेरच्या मातीला भिडलं की माती पाणी शोषतच राहते. काठ जितका सौम्य, तितकी ही वात लांब. जनावरांच्या सोयीच्या काठाची ही किंमत आहे, आणि ती टाळता येते.

गोणपाट काढून टाकलं. उताराच्या तळाशी कागदाखाली मातीचा वीतभर बांध घातला, म्हणजे गोटे त्याला अडतात. वाळू नाही, बारीक खडी नाही, अंड्याएवढे गोटे. त्यांच्यातल्या फटी मोठ्या, पाणी चढतच नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरच्या टोकाला कागद आडवा मातीत पुरला नाही. तो दोन दगडांच्या मध्ये उभा केला, बाहेरच्या मातीपेक्षा चार बोटं वर. चारही बाजूंना हा काठ एका पातळीत आहे ना, हे गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने तपासलं. उतारावर कुठे खळगा राहू दिला नाही; पाणी उतरल्यावर तिथे वेगळं डबकं साचतं, गप्पी मासे पोचत नाहीत आणि डासांच्या अळ्या वाढतात.

पुढच्या चार दिवसांत बादली आणि तळं जवळपास बरोबरीने उतरलं. काठावर वेखंड आणि नीरब्राह्मी लावली आहे, मातीच्या कुंड्यांत. शेजारचा मोगरा मात्र, जो भर उन्हाळ्यात हिरवागार होता, आता दुपारी मान टाकतो. त्याला संध्याकाळी झारीने पाणी घालावं लागतं.