तापमान आणि रासायनिक विक्रियेचा वेग

तापमान वाढले की बहुतेक रासायनिक विक्रियांचा वेग वाढतो. 'दर 10 अंशांना वेग दुप्पट' हा शालेय नियम ढोबळ आहे. नेहमीच्या तापमानाला तो सक्रियण ऊर्जा (विक्रिया घडण्यासाठी रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 53 किलोज्यूल प्रति मोल असलेल्या विक्रियांनाच नीट लागू पडतो. रेणूंच्या टकरा वाढतात एवढ्याने उलगडा होत नाही. 300 वरून 310 केल्विनला गेल्यास टकरा दोन टक्केही वाढत नाहीत. वाढते ते पुरेशी ऊर्जा असलेल्या रेणूंचे प्रमाण.

या विषयाचा इतिहास उसाच्या साखरेभोवती फिरतो. आम्लात साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होण्याचा (अपवर्तनाचा, इंग्रजीत 'इन्व्हर्जन'; प्रकाशाचे अपवर्तन वेगळे) वेग शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी 1850 मध्ये मोजला. व्हांट हॉफ यांनी 1884 मध्ये वेग व तापमान यांचे घातांकी सूत्र मांडले. अरेनिअस यांनी 1889 मध्ये, पुन्हा साखरेच्याच अपवर्तनावर लिहिताना, सामान्य व 'सक्रिय' रेणूंचा समतोल कल्पून त्या सूत्राला अर्थ दिला. श्रेय कोणाचे यावर मतभेद आहेत. सूत्र व्हांट हॉफ यांचे, अर्थ अरेनिअस यांचा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. हारकोर्ट व एसन यांचे वेगळे घातसूत्रही (वेग तापमानाच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात) बराच काळ स्पर्धेत होते, कारण तापमानाच्या अरुंद पट्ट्यात तेच आकडे दोन्हींत बसत. निवाडा बहुधा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास झाला.

साखरेच्या अपवर्तनाची सक्रियण ऊर्जा सुमारे 108 किलोज्यूल प्रति मोल असल्याने 27 अंश सेल्सिअसच्या आसपास 10 अंशांनी वेग जवळजवळ चौपट होतो. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात हा हिशोब रोजचा. काहिलीतला रस आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो. काकवी सुमारे 105 अंशांना उतरवतात, गूळ 118 च्या आसपास. आम्लता तीच धरल्यास 100 ते 118 अंशांत अपवर्तन सुमारे पाचपट वेगाने होते, म्हणून रसात आधीच चुना घालून आम्लता मारतात. अपवर्तन जास्त झाले तर ढेप मऊ पडते. रंग काळवंडतो तो मुख्यतः या साखरा व अमिनो आम्ले यांच्यातील माय्यार विक्रियेमुळे. शेवटच्या काही अंशांत तीही भडकते. गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून गोळी बघतो आणि काहील लगेच वाफ्यात ओततो.

विकरांचे (एन्झाइमांचे) गणित निराळे. तोडून पडलेल्या उसात उन्हाबरोबर त्यांचा वेग वाढतो, पण रस उकळताच प्रथिन विस्कटून ते निकामी होतात.