रडकी गाणी ऐकून पोरं खचतात की सावरतात?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेवाली पोरं रात्री उशिरापर्यंत कानात हेडफोन घालून बसलेली असतात, आणि प्लेलिस्ट बघितली तर मी कशाच्याच लायकीचा नाही, डोक्यातला आवाज गप्प बसत नाही, असलीच गाणी. घरचे म्हणतात, रडकी गाणी ऐकू नको रे, अजून खचशील.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या टीमने २००७ मध्ये एक प्रयोग छापला होता. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेला शब्द निवडायला सांगितला, तर मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका दिसला की खडबडून जागा होणारा भाग, थंडावला. डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा नेमका शब्दच सापडत नाही, 'कसंतरी होतंय' याच्यापुढे गाडी जात नाही, तेव्हा गाणं तो शब्द आयता हातात देतं असं मला वाटतं. पण घरच्यांची काळजीही खोटी नाही, कारण ज्यांना तेच तेच मनात उगाळत बसायची सवय आहे त्यांचा मूड उदास गाण्यांनी अजून खाली जातो हेही अभ्यासांत दिसलंय.

मग गाण्यात काय आहे हे बघायला हवं ना? लॉजिक नावाच्या अमेरिकन रॅपरचं २०१७ चं एक गाणं आहे, त्याचं नावच तिथल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा तेव्हाचा नंबर. जगायचं नाही म्हणणारा माणूस फोन लावतो, पलीकडचा ऐकून घेतो, आणि शेवटी त्याला जगावंसं वाटतं. २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यावर पेपर आला. गाण्याची सगळ्यात जास्त चर्चा होती त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अंदाजे ९,९१५ फोन जास्त आले, ६.९ टक्के वाढ, आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. गाण्यामुळेच कमी झाल्या असं अशा अभ्यासातून पक्कं सिद्ध होत नाही, पण २४५ माणसं हो!

सिडको-सातपूरकडची पोरंही आता मराठीत रॅप लिहितात, अगदी आतून लिहितात, पण मी ऐकलेल्या बऱ्याच गाण्यांत अंधार असतो आणि फोन कुणाला करायचा ते नसतं. एखाद्या कडव्यात टेली-मानसचा १४४१६ टाका रे, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं.