मेंदूतील खुणांची संगणकीय निश्चिती

मेंदूच्या एमआरआय किंवा सीटी स्कॅनवर ठरावीक रचनांचे बिंदू संगणकाच्या साहाय्याने शोधून त्यांचे त्रिमितीय स्थान नोंदवण्याची पद्धत. निरोगी मेंदूत हे काम आता बऱ्यापैकी साधते. गाठ असलेल्या मेंदूत मात्र ते फार अवघड होते, आणि गरज तिथेच सर्वांत जास्त असते.

या खुणांमध्ये अग्र व पश्च संयोजिका सर्वांत जुन्या वापरातल्या. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारे हे तंतूंचे बारीक जुडगे असून प्रौढांत त्यांच्यातील अंतर साधारण २५ मिलिमीटर भरते. फ्रेंच शल्यचिकित्सक जाँ तालैराख यांनी त्यांना सांधणारी रेषा पायाभूत धरून मेंदूचा नकाशा बांधला. १९८८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा नकाशा एका वृद्ध स्त्रीच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवरून काढलेला होता. पुढे मॉन्ट्रियलमध्ये १५२ निरोगी व्यक्तींच्या स्कॅनवरून सरासरी मेंदू तयार झाला. २०१९ साली कॅनडातील संशोधकांनी ३२ बिंदू हाताने कसे टिपावेत याची पद्धत मांडली.

गाठ हे सारे विस्कटते. ती आणि तिच्याभोवतीची सूज मध्यरेषेला बाजूला ढकलतात, द्रवाने भरलेल्या पोकळ्या दाबतात, वळ्यांमधल्या खाचा बुजवतात. हाताच्या हालचालींचा भाग आडव्या छेदात उलट्या ओमेगासारखा दिसतो. शल्यचिकित्सक तो आवर्जून शोधतात. सुजेखाली तोच आकार हरवतो. सरासरी मेंदू रुग्णाच्या मेंदूवर ताणून बसवणारी प्रणाली अशा वेळी गाठीलाही निरोगी ऊती समजून जुळवू पाहते आणि आजूबाजूच्या खुणा चुकवते. म्हणून गाठीचा भाग झाकून मग जुळवणी करतात. अलीकडची न्यूरल जाळी (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणाली) प्रत्येक ठिकाणी खूण असण्याची शक्यता वर्तवतात. पण निरोगी स्कॅनवर शिकलेले जाळे सरकलेल्या मेंदूतही नेहमीच्या जागीच बोट ठेवण्याचा धोका असतो.

मुंबईत हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून रुग्ण येतात. आधीचे स्कॅन गावाकडच्या केंद्रातले असले, तर यंत्र वेगळे, चुंबकीय क्षेत्राची ताकद वेगळी, कापांची (स्कॅनमधल्या एकेका छेदाची) जाडीही वेगळी. पाच मिलिमीटर जाडीच्या कापांवर संयोजिकेसारखी बारीक रचना दोन कापांच्या मधेच निसटू शकते. त्यामुळे एका केंद्राच्या सुबक स्कॅनवर उत्तम ठरलेली प्रणाली इथे पुन्हा तपासून घेणे मला अत्यावश्यक वाटते.

अचूकता मोजताना यंत्राने दाखवलेला बिंदू आणि तज्ज्ञाने टिपलेला बिंदू यांतील अंतर मिलिमीटरमध्ये धरतात. दोन तज्ज्ञांमध्येही थोडा फरक पडतोच, तोही सोबत पाहावा लागतो. केवळ सरासरी पुरेशी नाही. एखाद्याच रुग्णात खूण एक सेंटिमीटर चुकली तरी ती सरासरीत झाकली जाते, आणि किरणोपचारात दृष्टिचेता किंवा स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस वाचवताना तेवढी चूक परवडत नाही. गाठीने एखादी रचना पूर्ण गिळलेली असेल, तर यंत्राने अंदाज न बांधता ती जागा रिकामी सोडून रेडिओलॉजिस्टकडे पाठवावी.

शस्त्रक्रियेत कवटी उघडून द्रव वाहून गेला की मेंदू खचतो आणि आधी टिपलेल्या खुणा पुन्हा सरकतात. टाटा मेमोरियलच्या शल्यचिकित्सकांनी यासाठी दिशादर्शक प्रणालीला (शस्त्रक्रियेतील उपकरणाची जागा स्कॅनवर दाखवणाऱ्या यंत्रणेला) जोडलेली त्रिमितीय अल्ट्रासाउंड वापरली असून तिच्यावरील अनुभव शोधनिबंधांतून मांडला आहे. शस्त्रक्रियेदरम्यानच्या ताज्या प्रतिमेवर त्याच खुणा आपोआप ओळखणे हे अजून संशोधनाचे काम आहे.